दारातच उबदार वाटलं, तर एक थर काढा

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: मार्चअखेर पहिली मॅरेथॉन, म्हणजे सगळा मोठा सराव ऐन थंडीत. जाड जॅकेट घालूनही लाँग रनच्या (आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेच्या) शेवटी तुम्ही कुडकुडता, श्वास घेताना छातीत जळजळतं, पेस, म्हणजे धावण्याचा वेग, पडलाय, आणि आता सगळंच ट्रेडमिलवर न्यावं का असा विचार चाललाय. असे पंधराएक हिवाळे रस्त्यावर काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कुडकुडण्याचं. तुम्हाला थंडी वाजते ती कपडे कमी पडतात म्हणून नाही, जास्त होतात म्हणून. धावताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली पाऊण हिश्श्याच्या आसपास नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. जाड जॅकेटात ती कोंडली की घाम फुटतो. आत सुती बनियन असेल तर ते तो घाम पिऊन बसतं, आणि वेग जरा मंदावला की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून बाहेर जेवढं तापमान असेल त्यात 10 अंश मिळवायचे आणि त्या हवेत फिरायला निघाल्यासारखे कपडे घालायचे. पहिली दहा मिनिटं हुडहुडी भरलीच पाहिजे.

हे मला कोणी सांगून पटलं नव्हतं. एका रविवारी 30 किलोमीटरचा रन होता. आत सुती टी-शर्ट, वर जाड जॅकेट (नवं होतं, एवढंच कारण). 24 व्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला आणि चालत परतावं लागलं. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. दारात पोचलो तर किल्ली कुलपात फिरेना. म्हणजे कुलूप ठीक होतं, माझी बोटंच वळत नव्हती. शेवटी दोन्ही तळहातांमध्ये किल्ली दाबून धरली आणि अख्ख्या अंगाने वळलो, तेव्हा दार उघडलं. बुटांच्या नाड्या दुसऱ्याने सोडल्या.

तेव्हापासून अंगालगत पातळ पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, आणि वर वारा अडवणारं, पुढे चेन असलेलं पातळ जॅकेट. तापलं की चेन खाली, वारा सुटला की वर. पारा शून्याखाली गेला तरच मधे आणखी एक थर. पायांची फार काळजी करू नका, तिथले स्नायू काम करत असतात. हात आणि कान मात्र झाकाच, कारण थंडीत शरीर रक्त आत खेचून घेतं आणि पहिला फटका बोटांना बसतो.

वाऱ्याचं गणित सोपं आहे: जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. उलट केलंत तर घामेजलेलं अंग घेऊन वाऱ्यात शिरावं लागतं. आणि लाँग रन एकाच दिशेला लांब नेऊ नका. घराजवळ 7-8 किलोमीटरचे फेरे मारा, म्हणजे काही बिघडलं तर 15 किलोमीटर चालत यायची वेळ येत नाही.

छातीतली जळजळ. फुप्फुसं गोठत नाहीत, ती भीती काढून टाका. थंड हवा कोरडी असते. नाकातून सावकाश आत गेली तर वाटेतच ऊब आणि ओल घेते, पण जोरात पळताना आपण तोंडाने ती ढोसतो आणि श्वासमार्गाचं अस्तर सुकतं. नाकातोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढा आणि घरातच दहा मिनिटं वॉर्म-अप करून बाहेर पडा. कडाक्याच्या दिवशीचे इंटरव्हल (थांबून थांबून जोरात पळायचे तुकडे) दुसऱ्या दिवसावर ढकला. पण श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, छाती आवळल्यासारखी होत असेल किंवा रन संपल्यावरही खोकला थांबत नसेल, तर श्वासनलिका आकुंचन पावत असतील. ते डॉक्टरांना दाखवा, बफवर निभावून नेऊ नका.

पेसचं मनावर घेऊ नका. बोस्टन मॅरेथॉन 2018 आठवून बघा: थंडी, मुसळधार पाऊस आणि तोंडावर वारा. जपानचा युकी कावाउची जिंकला 2 तास 15 मिनिटं 58 सेकंदांत, आणि त्याचा स्वतःचा उत्तम वेळ तेव्हा 2:08 च्या घरातला होता. तिथे जिंकणाऱ्याची सात मिनिटं गेली, तर अंधारात कानटोपी घालून धावणाऱ्या आपली वीस सेकंद गेली म्हणून काय बिघडलं? हिवाळ्यात लाँग रन पेस न बघता, किती वेळ धावायचं ते ठरवून आणि श्वासाच्या अंदाजाने धावा. गप्पा मारता येत असतील तर वेग बरोबर आहे.

पाणी विसरतं, कारण थंडीत तहानच कमी लागते. घाम आणि वाफ मात्र जातच असते. धावताना खायचे एनर्जी जेल घट्ट होतात, म्हणून आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. शून्याखाली पाण्याची बाटली उलटी ठेवली तर बर्फ तळाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

ट्रेडमिल वाईट नाही. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर धरला असेल, तर बाहेर जाणं हा निव्वळ हट्ट. सकाळी धूर आणि धुकं जमिनीलगत बसलेलं असेल तेव्हाही मी आतच धावतो किंवा दुपारपर्यंत थांबतो. पण लाँग रन होता होईल तो बाहेरच ठेवा. वळणं, उतार आणि वारा यांची सवय पट्ट्यावर होत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मार्चअखेरची शर्यत म्हणून सांगतो. त्या दिवशी ऊन निघालं तर हिवाळाभर थंडीत तयार झालेलं शरीर गांगरतं. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. त्यामुळे शेवटच्या दोन आठवड्यांतले सोपे रन थोडे उशिरा, ऊब चढल्यावर करा.

आणि या रविवारी घड्याळ थांबवलंत की स्ट्रेचिंगच्या आधी ओला टी-शर्ट बदला. कोरडा टी-शर्ट निघतानाच दाराच्या कडीला अडकवून ठेवा.