लादिनो भाषेत नाटकं लिहिणारी पहिली बाई कोण?

लॉरा पापो, टोपणनाव ‘बोहोरेता’, म्हणजे थोरली लेक. जन्म १८९१, बोस्नियातलं सारायेव्हो. सात भावंडांत ही सगळ्यात मोठी.

१४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी जुनी स्पॅनिश सोबत नेली. पुढे तीत हिब्रू, तुर्की आणि बोस्नियात तिथल्या स्लाव्ह बोलीचे शब्द मिसळत गेले. तीच ही लादिनो. लॉराच्या काळात तरुण मुलं ती सोडायला लागली होती. आजीची भाषा बोलायची लाज, हे आपल्यालाही नवं नाही!

बाईंनी मग म्हाताऱ्यांकडून गाणी, म्हणी गोळा केल्या आणि थेट नाटकंच लिहिली, तीही घरात बोलतात तशा भाषेत. ‘मतात्या’ या ज्यू कामगार तरुणांच्या संस्थेने १९३०च्या दशकात ती रंगमंचावर आणली. एका विनोदी नाटकाचं नाव म्हणजे सरळ म्हणच आहे: ‘श्वेग्रा नी दे बारो ब्वेना’. सासू मातीची घडवली तरी बरी नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत सहज खपून जाईल.

१९३१ मध्ये तिने बोस्नियातल्या सेफार्दी, म्हणजे स्पेनमधून आलेल्या ज्यूंच्या वंशातल्या बायकांवरही लिहिलं: त्यांचा पोशाख, स्वयंपाक, रीतीभाती. माझ्या मते नाटकांइतकंच मोलाचं काम. नवरा आजारी, दोन मुलगे एकटीने वाढवले, त्यात शिकवण्या करून हे सगळं.

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही मुलगे उस्ताशांनी, म्हणजे क्रोएशियातल्या फॅसिस्टांनी मारले. १९४२ मध्ये तीही सारायेव्होतच वारली. तिची हस्तलिखितं मात्र वाचली. ती तिथल्या ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत.