माणसं टिकत नसतील तर बोर्डाने काय विचारावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बुटीबोरीच्या तुमच्या कारखान्यातून चांगली माणसं भराभर सोडून चालली आहेत आणि वरचे साहेब म्हणतात, "हा एचआरचा विषय, बोर्डाचा नाही." कंपनी सेक्रेटरी म्हणून बोर्डाच्या, म्हणजे संचालक मंडळाच्या, बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून ठामपणे सांगतो : हा बोर्डाचाच विषय आहे.

कंपनी कायदा २०१३, कलम १६६ काढून बघा. संचालकाने ज्यांचं हित जपायचं त्यांत भागधारकांच्या बरोबरीने कर्मचाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

प्रत्यक्षात मात्र मनुष्यबळाचा विषय अजेंड्याच्या शेपटाला असतो. एक स्लाइड येते, इतके टक्के कर्मचारी समाधानी, आणि इतिवृत्तात जातं, "मंडळाने नोंद घेतली." कोणत्या पाळीत, कोणत्या विभागात लोक वैतागलेत, हे सरासरीत बुडून जातं.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर एकामागून एक राजीनामे देत होते. प्रत्येक अर्जावर कारण एकच : वैयक्तिक. एक स्वतंत्र संचालक (बोर्डावर असलेल्या, पण व्यवस्थापनात नसलेल्या) बाई त्या पाळीसोबत कॅन्टीनमध्ये जेवायला बसल्या, तेव्हा खरं कळलं. खर्च वाचवायला रात्रीची बस नागपुरात बर्डीपर्यंतच (सीताबर्डी) केली होती. कामठी, पारडीकडच्या पोरांनी तिथून घरी जायचं कसं? बाईंनी पुढच्या बैठकीत विचारलं, "बसचे पैसे वाचले, पण नवीन माणूस शिकवून तयार करायला किती लागले?" तो हिशेब कोणी केलाच नव्हता. बस परत सुरू झाली.

बसचं वेळापत्रक बोर्डाने ठरवावं असं मी म्हणत नाही, ते व्यवस्थापनाचं काम. पण पाळीवार गळती, म्हणजे कोणत्या पाळीतून किती माणसं सोडून गेली याचा आकडा, मागणं आणि उत्तर मिळेपर्यंत विषय न सोडणं हे बोर्डाचंच काम.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर अहवाल (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल) सक्तीचा केला. त्यात तीन वर्षांच्या गळतीचे दर द्यावे लागतात, पण फक्त कायम लोकांचे. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर ठेकेदाराची माणसं किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. त्यांचा आकडा बोर्डाने स्वतःहून मागायला हवा.

तुम्ही एवढं करा : नामनिर्देशन व मोबदला समितीच्या (संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुका, पगार बघणारी बोर्डाची समिती) पुढच्या बैठकीआधी तुमच्या साहेबांमार्फत कंपनी सेक्रेटरीकडे एक पानी टिपण द्या. विभागवार, पाळीवार किती गेले, कायम किती, ठेक्यावरचे किती, पहिल्या वर्षातच किती सोडून गेले. समाधानाची टक्केवारी त्यात टाकूच नका.