तीन वर्षांसाठी पुण्याहून स्टुटगार्टला जातोय. मुलांना इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालावं की तिथल्या सरकारी शाळेत?

तुमची मुलगी पाचवीत, मुलगा सीनियर केजीत आणि कंपनीचं पत्र हातात. आम्ही कोथरूडहून निघालो तेव्हा घरात अगदी हीच परिस्थिती होती, म्हणून लिहितेय.

सर्वात आधी, दोघांना एकाच शाळेत घालायचा हट्ट सोडा. आम्ही तो केला, दोघांनाही इंटरनॅशनलमध्ये घातलं. एकाच बसने जातील, आपली धावपळ वाचेल, एवढाच विचार होता. मुलीच्या बाबतीत ते बरोबर ठरलं, मुलाच्या बाबतीत साफ चुकलं.

तिकडे पहिली ते चौथी ग्रुंडशूले, म्हणजे प्राथमिक शाळा. त्यानंतर मुलं गिम्नाझियम, रेआलशूले अशा वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांच्या वाटांना लागतात. सहा वर्षांच्या मुलाला तोवर भरपूर वेळ असतो, खेळता खेळता जर्मन येते आणि सरकारी शाळेला फी नाही. आमचा मुलगा तीन वर्षं तिथं राहून बेकरीत इंग्रजीतच पाव मागायचा! वर दर जूनमध्ये कुणी ना कुणी मित्र बदलीमुळे निघून जायचा, ते वेगळंच.

मुलीचं गणित उलटं आहे. भाषेचा गंध नसताना ती थेट वाटा फुटलेल्या वर्गात जाणार. नव्याने आलेल्यांसाठी भाषेचे तयारी वर्ग असतात, पण तीनातलं एक वर्ष तिथंच जाईल आणि जरा सूर सापडतोय तोवर परतीची तिकिटं. तिला इंटरनॅशनलच बरं. मात्र तिनाची सहा-सात वर्षं होण्याची शक्यता असेल (आमच्या ओळखीतले कितीतरी जण ‘फक्त तीन वर्षं’ म्हणून गेले ते तिथलेच झाले), तर पहिलं वर्ष रडारडीचं जाईल हे धरून तिलाही जर्मन शाळेत घाला. हे नवरा-बायकोने आधी एकमेकांशी खरं बोलून ठरवा.

आता पैसे. इंटरनॅशनलची फी एका मुलामागे वर्षाला साधारण 20 हजार युरो किंवा त्याहून जास्त. आमच्या पत्रात ‘शैक्षणिक साहाय्य’ असा गोड शब्द होता. तिथं पोचल्यावर कळलं की त्यात फक्त ट्यूशन फी येते. प्रवेश शुल्क, बस, जेवण, सहली, सगळं आमच्या खिशातून. सही करण्याआधी एकेक बाब लिहून घ्या, आणि त्या रकमेवरचा कर कोण भरणार तेही विचारा.

शाळा बघायला गेलात की स्विमिंग पूल दाखवतील. तुम्ही विचारा, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? इंग्रजीची जादा मदत फीतच आहे की वेगळी? भारतात परतलेल्या एखाद्या पालकांशी बोलणं करून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर चेहरे बघण्यासारखे होतात.

परतीचाही विचार आत्ताच करा. तिथं आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा अभ्यासक्रम होता, प्रोजेक्ट आणि चर्चा भरपूर. मुलगी आठवीत पुण्यात आली तेव्हा विज्ञानात अडली नाही, पण तीन तासांचा पेपर लिहिताना हात दुखायचा. खरी फजिती मराठीत झाली. 2020 च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आजीशी व्हिडिओ कॉलवर तासभर गप्पा मारणारी पोर ‘दुष्काळ’ लिहायला बसली की पेन्सिल चावायची. दर रविवारी एक पान शुद्धलेखन, एवढं तरी तिथं चालू ठेवा.

मुलगा जर्मन शाळेत जाणार असेल तर तुम्ही दोघं बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मनची निदान ए1 ही पहिली पातळी करून जा. शाळेच्या चिठ्ठ्या आणि पालकसभा, सगळं जर्मनमध्येच असतं.

आणि हो, लसीकरणाची फाइल हँडबॅगेत ठेवा. तिथं शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा लागतोच, शाळा कुठलीही असो. आमची फाइल कार्गोत गेली होती. मग कर्वे रोडच्या डॉक्टरांना रात्री फोन करून, जुन्या नोंदी काढायला लावून फोटो मागवावे लागले.