जेलमधला बुडबुडा वर का येत नाही, आणि शेव्हिंग फोम सरकतो कसा?

तुम्ही विचारलंय की मधातला बुडबुडा हळूहळू का होईना वर येतो, मग हेअर जेलच्या बाटलीतला महिनोनमहिने एकाच जागी कसा राहतो, आणि शेव्हिंग फोम तर अख्खा बुडबुड्यांचाच, तरी बोटाने ढकलला की सरकतो कसा. मी जेल बनवणाऱ्या कारखान्यात बॅच काढतो, त्यामुळे हा माझा अगदी रोजचा विषय आहे.

मध कितीही घट्ट वाटला तरी तो वाहतोच. बुडबुड्याने कितीही कमी जोर लावला तरी मध बाजूला होतो, फक्त वेळ घेतो, आणि बुडबुडा अर्ध्या आकाराचा असेल तर चौपट वेळ. जेलचं तसं नाही. त्यात कार्बोमर नावाची घट्टपणा आणणारी पावडर असते, तिचे बारीक बारीक कण पाणी पिऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टम्म फुगतात आणि एकमेकांना खेटून बसतात. त्यांना जागचं हलवायला कमीत कमी एक ठराविक जोर लागतो, त्याला यील्ड स्ट्रेस म्हणतात, आणि जोर त्याच्या खाली असेल तर जेल चक्क घन पदार्थासारखं वागतं. १ मिलिमीटरचा बुडबुडा फार तर ५ पास्कलच्या आसपास ताण देऊ शकतो, घट्ट हेअर जेलला हलवायला त्याच्या कितीतरी पट लागतो, मग तो बिचारा तिथेच अडकतो.

कार्बोमर पाण्यात मिसळलं की आधी ते आम्लधर्मी आणि पातळच असतं, नंतर ट्रायइथेनॉलअमाइन हे अल्कली घालून आम्लपणा मारला (न्यूट्रल केलं) की बघता बघता घट्ट होतं. म्हणजे हवा जी काय काढायची ती त्याच्या आधी. मी सुरुवातीला एकदा घाईत स्टरर जोरात फिरवला आणि फेस बसायची वाट न बघता न्यूट्रल करून टाकलं, सगळं जेल धुकट झालं. काचेच्या बरणीत नमुना काढून टॉर्च मारला तर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे जिथल्या तिथे लटकलेले, एकाशेजारी मार्करने खूण केली, दुसऱ्या दिवशी तो खुणेपाशीच.

मग व्हॅक्यूम लावला. दाब दहावा हिस्सा केला तर बुडबुड्याचं आकारमान १० पट होतं, पण व्यास सव्वादोन पटसुद्धा होत नाही, आणि ताण व्यासाच्याच हिशोबाने वाढतो, म्हणून नुसत्या व्हॅक्यूमने बारके निघत नाहीत. सोबत स्टरर अगदी हळू फिरवावा लागतो, कारण हलत्या जेलमधे कणांची पकड सुटलेली असते आणि तेवढ्यात बुडबुडा वर सटकतो. स्लॅब भरताना काँक्रीटमधे व्हायब्रेटर घालतात ना, तेही ह्याच कारणाने.

आता फोम. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास वायूच असतो, आणि इथे साबुदाण्याच्या जागी बुडबुडेच एकमेकांना खेटून बसलेत. हलकं ढकललं तर बुडबुड्यांमधले साबणाचे पातळ पडदे ताणले जातात आणि सोडलं की परत जागेवर येतात. जास्त ढकललं की मात्र शेजारी बदलतात. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटोंनी १८७३च्या पुस्तकात मांडलं की फेसात एका कडेला तीनच पडदे भेटतात, १२० अंशांत (तोवर त्यांची दृष्टी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, प्रयोग दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघितलेले, मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो). तर फेस सरकताना दोन बुडबुड्यांमधला पडदा आखडत आखडत शून्य होतो, क्षणभर चार पडदे एकाच ठिकाणी येतात, ते टिकूच शकत नाही, आणि झटक्यात ते दोघे वेगळे होऊन त्यांच्या वरचा-खालचा एकमेकांचे शेजारी होतात. ह्याला टी-वन म्हणतात. आपल्याला फोम गुळगुळीत सरकल्यासारखा दिसतो पण आत असे असंख्य छोटे झटके चालू असतात.

हे घरी बघता येतं. फोटोफ्रेमच्या दोन काचा घ्या, मधे कडेला आइस्क्रीमच्या काड्या ठेवा म्हणजे २ मिमी फट राहील, आत भांड्याच्या लिक्विडचं पाणी थोडं सोडा आणि एका कोपऱ्यातून स्ट्रॉने हळू फुंकत राहा, बुडबुडे फटीपेक्षा मोठे हवेत म्हणजे एकच थर होतो. नवे बुडबुडे जुन्यांना ढकलत जातील. सगळीकडे बघू नका, चारच बुडबुडे धरा आणि मधल्या छोट्या पडद्यावर नजर ठेवा, तो लहान लहान होत जातो आणि टच्कन आडवा होतो.