गोगलगाय चावली का डसली?

एका ताईंनी विचारलंय, पोरगं मोबाईलवर समुद्रातल्या विषारी गोगलगायीचा व्हिडिओ बघायलंय अन् म्हणतंय ही चावली की माणूस मरतो, तर गोगलगाय 'चावली' म्हणायचं, 'डसली' म्हणायचं का 'नांगी मारली'?

माझं म्हणाल तर डसली. नांगी बाद, कारण नांगी विंचवाच्या शेपटीला असती अन् हिचं हत्यार तोंडातून येतं. 'चावली' अगदीच चूक नाही, आपण साप, डास, मुंगी, विंचू सगळ्यांना चावायलाच लावतो (विंचू बिचारा कुठं चावतो, तो मागून मारतो), पण चावण्यात घास येतो, डसण्यात टोचून विष सोडणं येतं. त्यात मजा बघा, डसणे हे संस्कृत दंश् मधून आलंय अन् दाढ आली दंष्ट्रा मधून, दोन्ही एकाच घरचे, म्हणजे डसण्यात दात आधीपासून बसलेलाच आहे. अन् या गोगलगायीचा बाण म्हणजे खरोखरचा दातच!

2022 ला आपल्याकडं लातूर, बीड, धाराशिवला सोयाबीनवर शंखी गोगलगायी आल्या होत्या, आठवतंय ना, सकाळी रानात जावं तर कोवळी रोपं रात्रीतून साफ. त्यांच्या तोंडात बारीक दातांची पट्टी असती, किसणीसारखी, तिनं खरवडून खातात. समुद्रातल्या या बाईच्या पट्टीतले दात सुटे झालेत, लांब, आतून पोकळ अन् टोकाला आकडे. सोंडेतून एक दात भाल्यासारखा मारायचा, त्यातूनच विष आत, समोरचं जागेवर लुळं. एक दात एकदाच वापरती, पुढच्या वेळी नवा.

आमच्या आजीनं रामेश्वरहून आणलेला असा एक शंख शोकेसमध्ये पडून होता. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर पांढरे लहानमोठे त्रिकोण एकाला एक खेटून, लांबून हिमरूची शालच वाटावी. एक टोक निमुळतं, तोंड म्हणजे नुसती उभी फट, फुंकून बघितला तर फुस्स. लई दिवसांनी कळलं हा कोनस टेक्स्टाइल, लिनियसनं 1758 ला ठेवलेलं नाव, टेक्स्टाइल म्हणजे विणलेलं कापड, म्हणजे त्यालाही शालच दिसली म्हणायची. हा दुसऱ्या गोगलगायी खातो. ह्याचा भाऊबंद कोनस जिओग्राफस, अंगावर नकाशासारखी नक्षी, तो मासे धरतो अन् माणसाला सगळ्यात घातक तोच, त्याच्या विषावर उतारा म्हणून इंजेक्शन नाही. व्हिडिओत बहुतेक तोच असणार.

कोनस म्हणजे लॅटिनमध्ये शंकू, म्हणून मराठीत 'शंकू गोगलगाय' म्हणावं. काहीजण 'शंखू' टाइप करायलेत, ते नको, शंख वेगळा अन् शंकू वेगळा, संस्कृतात शंकू म्हणजे टोकदार खुंटी.

राहिलं 'विषारी'. मराठीत धोतराही विषारी अन् नागही विषारी, एकच शब्द, फरक क्रियापदानं दाखवायचा, धोतरा बाधतो, नाग डसतो. म्हणून तर 'डसली' वर अडून बसलोय.

अन् ताई, पोराला एवढं सांगा, कधी समुद्रावर गेला अन् असा शंख जिवंत दिसला तर जाड बाजूनं धरला तरी भागत नाही, सोंड वळून मागं पोचती.