कथेत संवाद लिहिताना स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं नक्की कुठे द्यायची?

तुम्ही जे वाक्य दिलंय ना, "मी निघते". ती म्हणाली. त्यात दोन गोष्टी गंडल्यात, पण टेन्शन घेऊ नका, माझ्या पहिल्या चार-पाच कथांमधे पानोपानी हेच होतं. एकतर पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या बाहेर पडलाय, आणि मुळात तिथे पूर्णविराम नकोच, कारण 'ती म्हणाली' हे त्याच वाक्याचं शेपूट आहे, वाक्य अजून संपलेलंच नाही. म्हणून "मी निघते," ती म्हणाली. प्रश्न असेल तर "निघू मी?" तिने विचारलं, इथे प्रश्नचिन्हानंतर परत स्वल्पविराम लावायचा नाही. आणि 'ती म्हणाली' आधी आलं तर ती म्हणाली, "मी निघते." एवढंच.

पण "मी निघते." तिने पर्स उचलली. इथे मात्र पूर्णविरामच, कारण पर्स उचलून कोणी बोलत नाही. "हो," तो हसला असं सर्रास दिसतं, मला खटकतं, पण छापील पुस्तकातही सापडेल तुम्हाला, त्यामुळे त्यावर भांडत बसणार नाही. मधेच तोडायचं असेल तर बोलणं पुढे चालू आहे की नवीन वाक्य सुरू झालंय ते बघा: "मी निघते," ती म्हणाली, "पण किल्ली तुझ्याकडेच ठेव." आणि "मी निघते," ती म्हणाली. "किल्ली कुठंय?"

आता खरा घोळ. नेटवरचे बरेचसे नियम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात आणि त्यात आपल्या 'असं'चा पत्ताच नसतो. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दात सांगताना 'मी'चा 'तो' होतो, आपण मात्र बिनधास्त लिहितो, मी आजारी आहे असं तो म्हणाला. बोलताना काही अडत नाही, आवाजावरून कळतं. पण तुमची कथा प्रथमपुरुषी असेल तर आजारी कोण, सांगणारा की तो? मी एक अख्खी कथा अशी लिहिली होती, मैत्रिणीने वाचून विचारलं, मेलं कोण शेवटी? तेव्हापासून माझा हिशोब साधा आहे, शब्द जसेच्या तसे त्याचे असतील तर अवतरणचिन्ह द्यायचं, 'असं' असलं तरी द्यायचं, आणि सांगणाऱ्याबद्दलच असेल तर वाक्य फिरवायचं, मला तो आजारी म्हणाला.

तसंही 'असं' आणि 'म्हणून' हे आपले जुने अवतरणचिन्हच म्हणायला हवेत. छापील विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५०ची, त्याआधीच्या मोडी कागदांत वाक्य कुठे संपतं ते बऱ्याचदा वाचणाऱ्यानेच ओळखायचं.

आपल्याला एक सवलतही आहे, जाते की जातो, तू की तुम्ही की अहो, यावरूनच बोलणारं माणूस कळतं, त्यामुळे दर ओळीला 'तो म्हणाला, ती म्हणाली' लावायची गरज नाही. फक्त माणूस बदललं की परिच्छेद बदला. हाक मारताना मात्र स्वल्पविराम विसरू नका, "मावशी आली का?" आणि "मावशी, आली का?" यात मावशी एकदा यायची आहे आणि एकदा समोर उभी आहे!

बोलणं मधेच कोणी तोडलं तर लांब रेघ, "पण मी तर—" आणि आपोआप विरलं तर तीन टिंबं, तीनच, सात नाहीत. बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं आलं तर आत एकेरी: "तो मला 'चालती हो' म्हणाला." काही प्रकाशक सगळे संवादच एकेरीत छापतात, तेही चालतं, मग आतलं दुहेरी करा, फक्त एका कथेत एकच पद्धत ठेवा. एकाच माणसाचं भाषण दोन-तीन परिच्छेद चाललं तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला चिन्ह उघडायचं आणि बंद फक्त शेवटी.

आणि नाटकासारखं नाव लिहून संवाद देणार असाल तर कीबोर्डवर विसर्ग आणि अपूर्णविराम नीट बघून दाबा, 'आई :' च्या जागी 'आईः' छापलं गेलं की प्रुफातही पटकन दिसत नाही.