प्लेअर घेण्याआधी एकदा डोळे मिटून ऐक

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा जास्त बारकाईनं आवाज साठवणारी चकती) वाजवणाऱ्या प्लेअरसाठी पैसे साठवतो आहेस हे वाचून बरं वाटलं. गाणं नीट ऐकू यावं म्हणून धडपडणारी माणसं मला मनापासून आवडतात. म्हणूनच सांगतो, थोडा थांब.

तुझ्या साध्या सीडीत आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा (४४.१ किलोहर्ट्झ) आणि दर वेळी १६ बिटांत होते. त्यामुळे २० किलोहर्ट्झच्या थोडं पुढपर्यंतचे उंच सूरही त्यात मावतात, आणि माणसाचा कान त्याच्या पलीकडे जात नाही. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल. घरच्या खोलीला ते पुरून उरतं. १९९९ मध्ये एसएसीडी आली, पाठोपाठ २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतची डीव्हीडी-ऑडिओ.

२००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोन अभ्यासकांनी या चकत्यांचा आवाज लोकांना कधी थेट, तर कधी मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, आणि बरोबर उत्तरं जेमतेम निम्मी आली, म्हणजे नुसत्या अंदाजानं येतील तेवढीच. पुढे २०१६ मध्ये संशोधक जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के भरली. आधी सराव देऊन कान तयार केलेल्यांची बरीच जास्त. फरक मुळीच नाही असं मी म्हणत नाही, पण एवढ्यासाठी प्लेअर बदलू नये.

माझ्याकडे एक हायब्रिड चकती आहे, सीडी आणि एसएसीडी असे दोन्ही थर असलेली. एसएसीडीचा थर लावला की पियानोचा शेवटचा सूर जास्त वेळ तरंगतोय, असं मी कित्येक महिने छातीठोकपणे सांगत होतो. मग स्पीकरच्या तारांना मल्टिमीटर लावला, तर तो थर किंचित मोठ्या आवाजात होता! किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटतच नाही, नुसता 'चांगला' वाटतो. पातळी जुळवली, मित्राला पाठीमागे बसवून थर बदलायला लावले, आणि मला एकदाही खात्रीनं सांगता आलं नाही.

तरी काही एसएसीडी खरंच सुंदर वाजतात. ते श्रेय मास्टरिंगचं, म्हणजे चकती काढण्याआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हाताचं. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांसाठी काढलेली चकती असते, म्हणून आवाज दाबून सपाट केलेला नसतो, ढोलाचा ठोका ठोक्यासारखा येतो. तुझ्या आवडत्या संगीताचं असं मास्टरिंग फक्त त्याच चकतीवर असेल, किंवा पाच स्पीकरांवर ऐकायचं मिश्रण हवं असेल, तर खुशाल घे. त्यात पैसे वाया जात नाहीत.

नसेल, तर साठवलेले पैसे स्पीकरला लाव. तेही नंतर. आज रात्री आहेत तेच स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढ, समोर जाड सतरंजी टाक, आणि पाठ असलेली एखादी चकती लाव. बेस कुठे मोकळा झाला ते मला सविस्तर लिहून कळव.

तुझा,
एक जुना श्रोता